सोळा रविवारांचा फोटो

माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाला आमच्या इमारतीत सगळे 'हलूनका' म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि तोही बिनतक्रार ओ देतो. मोठ्या इस्पितळात तो सत्तावीस वर्षं एक्स-रे काढतोय. आलेल्या माणसाची हनुवटी प्लेटवर टेकवायची, खांदे पुढे ढकलायचे, मग काचेच्या खिडकीमागे जाऊन म्हणायचं, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." बटण दाबायचं. "झालं, सोडा." दिवसाकाठी साठ-सत्तर वेळा हेच. ही वाक्यं त्याच्या जिभेवर इतकी चढली आहेत की लिफ्टचं दार लावतानाही तो आतल्या माणसांना "हलू नका" म्हणतो, आणि माणसंसुद्धा मुकाट्यानं श्वास रोखून तिसऱ्या मजल्यापर्यंत जातात.

रोज एकच वाक्य म्हणणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी आहे. मी आयुष्याची चाळीस वर्षं रंगमंचावर काढली. एका नाटकात तर एकच चिठ्ठी वाचून सहाशे प्रयोग मूर्च्छित पडत होते. शेवटी शेवटी चिठ्ठी कोरी असायची, तरी मी पडायचे ती मनापासून. त्यामुळे त्याची कुणी थट्टा केली की मी त्याच्या बाजूनं उभी राहते. ही त्याचीच गोष्ट आहे, आणि त्याच्या बायकोची.

बायको लहान मुलांना शिकवायची. बालवर्गाच्या बाई. आवाज असा की जिन्यातून तिची हाक ऐकली तरी आपलं चित्त प्रसन्न व्हावं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी उठून चहा प्यायला लागली तर चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून खाली. चेहऱ्याची डावी बाजू झोपली होती. औषधं झाली, मालिश झालं, विजेचे झटके देऊन झाले. पुष्कळसं परत आलं. डावा डोळा मात्र जरासा लहान राहिला आणि हसू उजवीकडून निघालं की डावीकडे पोचेपर्यंत संपून जायचं. वर्गातल्या एका पोरीनं सरळ विचारलं, "बाई, तुम्ही अर्ध्याच का हसता?" पोरीचं काही चुकलं नव्हतं. पण बाईंनी पुढच्याच महिन्यात शाळेचं ग्रंथालय मागून घेतलं. पुस्तकं काही विचारत नाहीत.

तेव्हापासून तिचा एकही फोटो नव्हता. घरात कुणाचं काही असलं की ती म्हणायची, "द्या इकडे, मी काढते." नाहीतर सगळ्यात उंच पाहुण्याच्या मागे उभी राहायची. लेकीच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये आई म्हणजे कुणाच्या तरी खांद्यामागून दिसणारा केसांचा अंबाडा.

ती लेक आता परदेशी असते. एका संध्याकाळी तिचा फोन आला. तिसरा महिना लागला होता. "आई, तू यायचंस. मला दुसरं कुणी नको."

आईच्या पासपोर्टची मुदत केव्हाच संपलेली. नवा करायचा तर अर्जावर फोटो हवा. तोही कसा, तर चेहरा सरळ समोर, दोन्ही कान दिसणारा, तोंड मिटलेलं, पांढरी पार्श्वभूमी, कुठे सावली नाही. म्हणजे लपायला जागाच नाही. नंतर पासपोर्ट हातात यायला दीड महिना, पुढे व्हिसा. उलटं मोजत आलं तर फोटोसाठी जेमतेम सोळा रविवार उरत होते.

"स्टुडिओत मी जाणार नाही," ती म्हणाली.

"अगं, मी काढतो की! दिवसभर दुसरं करतो काय मी?" हलूनका म्हणाला आणि लेकीनं मागे सोडलेला कॅमेरा कपाटातून काढला. बायकोला भिंतीला चिकटवून उभं केलं. हनुवटी वर केली. खांदे पुढे ढकलले. श्वास घे, रोखून धर, हलू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला.

तिनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. "अहो, हा फोटो नाही, रिपोर्ट आहे. खाली 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहायचं राहिलंय." मग त्याचे चार तुकडे केले. "तुम्हाला माणसाचा फोटो काढता यायला लागला की सांगा. मग बसेन मी."

"आणि नाहीच आला तर?"

"तर लेकीला सांगा, आई येत नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा गळ्यात अडकवून माझ्या दारात उभा. चेहरा असा की जणू त्याचाच एक्स-रे वाईट आला आहे. "मावशी, तुम्ही एवढी वर्षं प्रकाशात वावरलात. मला शिकवा."

"मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कॅमेऱ्याचं पुस्तक आहे माझ्याकडे. बघायचं कसं, ते सांगा."

आता असं कुणी विचारलं की म्हातारी नटी विरघळणारच. नाटक कंपनीत आम्ही एक प्रवेश बसवायला आठवडा घ्यायचो. सगळं एकदम कुणालाच येत नाही. तेच सूत्र मी त्याला लावलं. एका आठवड्याला एकच विषय. वाटेल तितके फोटो काढ, पण रविवारी चहाला येताना निवडून तीनच आण. निवडताना माणूस निम्मं शिकतो.

पहिला विषय दिला खुर्ची. त्याच्या गॅलरीतली, एक हात मोडलेली प्लॅस्टिकची खुर्ची.

"खुर्ची?" त्याचा चेहरा पडला.

"तिला श्वास रोखायला सांगावं लागत नाही."

रविवारी तो आला तो धापा टाकतच. एकशे चाळीस फोटो काढले होते. "मावशी, ही खुर्ची सकाळी सातला वेगळी असते हो! चारला तर ओळखूही येत नाही. इतकी वर्षं बसतोय तिच्यावर, कुणी बोललं नाही मला." मी मनात म्हटलं, गाडी रुळावर आली.

दुसरा आठवडा हातांचा. इस्पितळातल्या प्लास्टर घालणाऱ्याचे पांढरे झालेले हात, कॅन्टीनवालीचे, एका ड्रायव्हरचे. ते सुरेख आले. तिसऱ्या आठवड्यात चेहरे दिले आणि सगळं कोसळलं. फळवाल्यासमोर उभं राहून ह्यानं सवयीनं फर्मावलं, "श्वास घ्या. रोखून धरा." आणि कॅमेऱ्याचं काहीतरी फिरवत बसला. फळवाला सज्जन माणूस. तो लालबुंद होत गेला, डोळे बाहेर आले, शेवटी दातांतून म्हणाला, "साहेब, सोडू का? गिऱ्हाईक आलंय." त्या रविवारच्या तिन्ही फोटोंतली माणसं अशी दिसत होती की जणू त्यांच्या खिशात दुसऱ्याचं घड्याळ आहे.

"तू बोलतोसच कशाला?" मी म्हटलं.

"आपोआप येतं तोंडातून."

मग तो फोटो काढताना तोंडात खोकल्याची गोळी धरू लागला. तरी गोळीच्या कडेनं "हू हका" असं काहीतरी निसटायचंच. कधी पाठमोरी माणसं झाली, कधी बूट, कधी नुसते दाराचे कडीकोयंडे. दोन आठवडे जादा ड्यूटीत गेले. हात बसत चालला होता. उजेड कुठून येतो ते तो आता खोलीत शिरता शिरताच बघायचा. पण माणूस समोर तोंड करून उभा राहिला की फोटोत पुन्हा पेशंटच यायचा. आणि खाली त्याची बायको, लेकीचा फोन आला की म्हणायची, "बघू गं, अजून वेळ आहे."

दहाव्या रविवारी विषय होता खिडकी. तो आला, आणि तीनऐवजी एकच फोटो त्यानं माझ्यासमोर ठेवला. संध्याकाळची खिडकी, काचेत बायकोचं प्रतिबिंब. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. आपल्याकडे कुणी बघतंय हे तिच्या गावीही नव्हतं. चेहरा काचेत अर्धा विरघळलेला, निवांत, फार सुंदर.

मी टाळ्या वाजवल्या हो! खुर्चीवरून उठून वाजवल्या. "जा, दाखव तिला. बस, जिंकलास." ही चूक माझी. नटीची चूक. पडद्यामागे काय चाललं आहे ते न बघता टाळी द्यायची सवय.

त्यानं दाखवला. तिनं विचारलं, "हा चोरून काढलात?"

"अगं, पण बघ तरी किती छान—"

"मला कुणी कुठून बघायचं ते चार वर्षं मी ठरवतेय. तेवढं एकच माझ्या हातात उरलं होतं." आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे वर आली. बसलीसुद्धा नाही. "मावशी, तुम्हाला टाळ्या आवडायच्या म्हणून सगळ्यांनाच लागतात असं नाही."

मला आयुष्यात समीक्षकांनी पुष्कळ झोडपलं आहे. पण इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मी तिची माफी मागितली. तिनं मान हलवली, पण पाय काही उंबऱ्याच्या आत टाकला नाही.

अकरावा रविवार रिकामा गेला. बारावाही. खालून भांड्यांचा आवाज यायचा, माणसांचा नाही. बाराव्या रविवारी संध्याकाळी त्यानं बायकोसमोर टेबलावर कॅमेरा ठेवला आणि तो खिडकीचा फोटो तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाकला. हे मला नंतर तिनंच सांगितलं.

"चुकलो मी," तो म्हणाला. "आता विषय तू दे. नाहीतर कॅमेरा कपाटात जाईल आणि लेकीला मीच फोन करीन. तिला वाईट वाटेल, मलाही वाटेल, पण तुला पुन्हा विचारणार नाही."

तिनं कॅमेरा हातात घेऊन पुन्हा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "विषय, तुम्ही स्वतः. आठवडाभर फक्त स्वतःचे फोटो काढायचे. आणि मला तीन नकोत. सगळे बघायचेत."

त्या आठवड्यात तो मला दोनदा जिन्यात भेटला आणि दोन्ही वेळा त्यानं हनुवटी चाचपली. "मावशी, हे असं इथे लोंबतं केव्हापासून?"

"दहाएक वर्षं झाली असतील."

"कुणी बोललं नाही मला!"

कॅमेरा स्टँडवर लावायचा, बटण दाबायचं, पळत जाऊन स्टुलावर बसायचं. दहा सेकंद. आणि त्या दहा सेकंदांत हा गडी स्वतःलाच श्वास रोखायला लावायचा! पोट आत, हनुवटी वर, डोळे वटारलेले. पन्नास फोटो पाहून त्याला स्वतःचीच किळस आली. शुक्रवारी त्याच्या हातून कॅमेऱ्याचं एक बटण चुकून फिरलं, आणि एका दाबात एकाऐवजी तीन फोटो निघायला लागले, एकामागून एक. त्याला ठाऊक नव्हतं. पहिला खटका वाजला तसा तो सवयीप्रमाणे "झालं" म्हणाला आणि श्वास सोडून बसला. पुढचे दोन खटके त्याच्या नकळत पडले.

रविवारी बायकोनं सगळे पाहिले. वटारलेले डोळे बघून ती हसायला लागली. तोंडावर हात धरून, पण हसली. "अहो, हे कोण आहेत? घरात शिरलेले?"

"मीच आहे तो. हसू नकोस."

मग तो शुक्रवारचा तिसरा फोटो आला. ती थांबली. त्यात एक थकलेला, बरा, जरासा वेंधळा माणूस स्टुलावर बसला होता. "हे तुम्ही," ती म्हणाली.

"हो ना! मलाही तेच वाटलं. आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली," तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "मी 'रोखा' म्हणतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे सारखे होतात. 'सोडा' म्हटलं की जो तो आपापल्या चेहऱ्यावर परत येतो. काचेतून रोज दिसतं मला ते. पण तोवर माझं काम संपलेलं असतं, मी पुढच्याचा कागद बघत असतो. सत्तावीस वर्षं दिसतंय गं, आणि कॅमेरा हातात घेतला की मी नेमका चुकीच्या वेळी बटण दाबतोय."

तिनं फोटो बाजूला ठेवला. मग हळूच डाव्या गालाला बोट लावून म्हणाली, "मी हा दिवसभर उचलून धरते."

"म्हणजे?"

"कुणी समोर असलं की. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. उजवी आवळून धरायची, डावी उचलायची. संध्याकाळी दुखतो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? मी काही म्हटलं की म्हणायचात, छान दिसतेस. मग काय बोलणार?"

सत्तावीस वर्षं लोकांना "कुठे दुखतं?" असं विचारणाऱ्या माणसानं तो प्रश्न घरात विचारलाच नव्हता. तो हे सांगताना माझ्यासमोर रडला. मीही रडले, पण मला त्याची सवय आहे.

चौदावा विषयही तिनंच दिला. 'झालं म्हटल्यावरची माणसं.' अट एकच, आधी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर निमूट पुढं जायचं. सातजणांनी नाही म्हटलं. नऊजणांनी हो म्हटलं. प्लास्टरवाला, फळवाला, जिन्याखालचा इस्त्रीवाला, इस्पितळातली एक नर्स. तो आधी एक खोटा खटका वाजवायचा, "झालं" म्हणायचा, आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडला की विचारायचा, "आता अजून एक?" ते नऊ फोटो मी पाहिले. त्यात एकही पेशंट नव्हता.

पंधराव्या रविवारी मला खाली बोलावणं आलं. पांढऱ्या चादरीचं एक टोक धरायला माणूस हवा होता. मी जाताना माझं जुनं ज्ञानही घेऊन गेले. "हे बघ, दिवा तिच्या उजवीकडून मार. डावी बाजू सावलीत जाईल. ह्याच युक्तीवर मी पन्नाशीत सोळा वर्षांची राजकन्या केली आहे."

"सावली चालत नाही, मावशी. अर्ज परत येतो," तो म्हणाला.

ती स्टुलावरून म्हणाली, "आणि मला राजकन्या होऊन नाही जायचं. आजी होऊन जायचंय."

झालं! मी गप्प चादर धरून उभी राहिले. दोन्ही खिडक्यांचे पडदे त्यानं सारखे उघडले. कॅमेरा स्टँडवर लावला. मग तो तिच्याजवळ गेला आणि मी कधी न पाहिलेला माणूस मला दिसला. खांद्याचं हाड मोडलेल्या माणसाला जसा हात लावतात, तसा त्यानं तिच्या खांद्याला हात लावला. दोन बोटांनी, विचारत. "इथं ताण येतोय?" तिनं मान डोलावली. त्यानं स्टूल दोन इंच पुढे घेतलं, पाठीला उशी दिली, पायाखाली एक जाड पुस्तक सरकवलं. हे सगळं त्याच्या हातांना आधीपासून येत होतं.

पहिले दहा-बारा फोटो वाया गेले. ती तयार होऊन बसली होती. उजवी बाजू आवळलेली, डावी उचललेली, मानेची शीर दिसत होती. तिलाही ते कळत होतं. "जमत नाहीये हो," ती म्हणाली.

तो कॅमेऱ्यामागून बाजूला आला. "दमलीस?"

"हो."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"मग ठेव ना खाली."

आणि तिनं ठेवला. मी चादरीच्या कडेनं बघत होते. तो गाल खाली आला, डोळा मिटला, सगळा चेहराच ओघळला. वाटलं, आता ही उठून जाणार. पण तिनं एक लांब श्वास सोडला आणि डोळे उघडले. आणि नवल असं, की ओढाताण थांबल्याबरोबर दोन्ही बाजू आपोआप एकमेकींच्या जवळ आल्या होत्या. सारख्या नाही, पण एकाच माणसाच्या. कॅमेऱ्याचा खटका वाजला. कुणी काही बोललं नव्हतं.

तिनं फोटो हातात घेतला तेव्हा आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे होतो.

"डावा डोळा लहान आहे."

"आहे," तो म्हणाला.

"ओठ खाली आहे जरा."

"जरा आहे."

"दमलेली दिसतेय मी."

"दमली आहेसच."

तिनं फोटो दूर धरला, जवळ आणला. मग म्हणाली, "बरं. हिला पाठवा लेकीकडे."

सोळावा रविवार आम्ही सुट्टी म्हणून काढला. सोमवारी ती स्वतः अर्ज घेऊन कचेरीत गेली, एकटी. परत आली ती थेट माझ्याकडे वर. आत येऊन बसली, पाणी मागून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, काहीच झालं नाही! खिडकीवरच्या माणसानं फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि म्हणाला, 'पुढचे या.' नुसतं 'पुढचे या'!" हे तिनं मला लागोपाठ तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना ती हसली. हात तोंडावर नेला, आणि अर्ध्या वाटेत विसरली.

पासपोर्ट आला, व्हिसा आला. तिला पोचवायला मीही विमानतळावर गेले होते. आमच्यासारख्यांना काचेबाहेर उभं राहावं लागतं. आत एका अधिकाऱ्यानं तिचा पासपोर्ट उघडला, मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. ती त्याच्यासमोर सरळ उभी होती, त्याला हवं तेवढं बघू देत. मग तिनं आमच्याकडे वळून हात केला आणि आत गेली.

हलूनका काचेजवळ जरा वेळ तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता ह्याला चहा पाजून घरी न्यावं लागणार. पण त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला. "तिनं विषय देऊन ठेवलेत मावशी, ती परत येईपर्यंतचे सगळे. ह्या आठवड्यात 'पोचवणारी माणसं'."

आणि तो सामानाच्या गाड्या ढकलणाऱ्या एका म्हाताऱ्यापाशी गेला. म्हाताऱ्यानं नुकतीच एका मोठ्या कुटुंबाची गाडी आत पोचवली होती आणि तो घाम पुसत होता.

"तुमचा एक फोटो काढू का?"

"कशाला?" म्हाताऱ्यानं संशयानं विचारलं.

"शिकतोय," तो म्हणाला.